दोन खुराड्यांची निरवानिरव

मी खाली सही करणारी, वय झालेली पण डोके शाबूत असलेली बाई, आज सकाळी औषधे घेऊन, कोंबड्यांना दाणा घालून आणि मग स्वतः चहा पिऊन, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या जिवांचे काय करायचे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे पूर्ण नाव, पत्ता आणि घराच्या चतुःसीमा वकीलसाहेबांनी वेगळ्या कागदावर टंकून सोबत जोडल्या आहेत. तो कागद याचाच भाग समजावा. गल्लीत मला कोंबडीकाकू म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. सही मात्र पूर्ण नावाची करते.

माझ्यावर कुणाचे दडपण नाही. कुणाची तशी छातीही नाही. बुद्धी स्थिर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसे लिहिले नाही. त्याची एक झडप खराब झाली असून ती येत्या शुक्रवारी बदलायची आहे. आयुष्यभर घारीच्या झडपेतून पिल्ले सोडवली, आता स्वतःच्याच झडपेशी गाठ पडली. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, पण ते सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

वकीलसाहेबांनी सल्ला दिला, "काकू, मृत्युपत्रात भावना कमी आणि चतुःसीमा जास्त असाव्यात." मी म्हटले, "चतुःसीमा तुम्ही लिहा. बाकीचं मी बघते." तेव्हा पुढे जे जास्तीचे वाटेल त्याचा दोष त्यांच्याकडे नाही.

कलम पहिले. घर.

हे घर दोन भावांनी मिळून बांधले. थोरले माझे दीर, धाकटे माझे यजमान. रस्त्याकडच्या खोल्या थोरल्यांच्या, मागच्या खोल्या आणि मागचे आवार आमचे. मध्ये एक दार आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी कडी आहे. दोघे भाऊ आता नाहीत. उरलो आम्ही दोघी जावा, त्या पुढे आणि मी मागे.

माझ्याकडचा भाग आवारासह मी माझ्या मुलाला देते. मुलगा गुणी आहे. दूरच्या शहरात नोकरी करतो, दर रविवारी न चुकता फोन करतो आणि दर रविवारी न चुकता विचारतो, "आई, झेपत नाही तर कशाला तो व्याप?" व्यापाशिवाय माणूस कसे जगते हे त्याने अजून मला सांगितलेले नाही. त्याला एकच अट घालते. जाऊबाई आहेत तोवर मागचा भाग विकायचा नाही. भाड्याने द्यायचा झाला तर आधी त्यांना विचारायचे, आणि त्यांनी नाक मुरडले तर तो भाडेकरू नको. मधल्या दाराची त्यांच्या बाजूची कडी त्यांची आहे. आमच्या बाजूची कडी माझ्यामागे काढून टाकावी. ती लावायला कुणी उरणार नाही.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत जे असेल ते मुलाला आणि सुनेला निम्मे निम्मे. सुनेचा हिस्सा तिच्या एकटीच्या नावावर जावा. ती म्हणेल, "आईंचं मला काही नको." ते मनावर घेऊ नये. नको म्हणणे ही आमच्या घरातली जुनी खोड आहे आणि ती बाहेरून आलेल्या मुलींनाही लगेच लागते.

कलम तिसरे. पत्र्याचा डबा.

स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातले पैसे माझे नाहीत, कोंबड्यांचे आहेत, म्हणून ते कलम दुसऱ्यात धरू नयेत.

त्याचे असे झाले. माझे यजमान फ्रिज आणि पाण्याचे पंप दुरुस्त करीत. एकदा ते कुठल्या तरी लांबच्या मळ्यावर पंप बघायला गेले आणि येताना पिशवीतून एक कोंबडी व एक कोंबडा घेऊन आले. राखी अंग, त्यावर पांढरे ठिपके, मानेवर जराशी तांबूस झाक. पिशवीत बसूनही दोघे शांत होते. मी विचारले, "हे काय?" तर म्हणाले, "बघ ना, किती समंजस आहेत." समंजसपणा हे कोंबडी घरात आणण्याचे कारण होऊ शकते हे मला त्या दिवशी कळले.

जाऊबाई मधल्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. पण तुमच्या हौसेचं मोल घरखर्चातून जाता कामा नये." यांनी तिथल्या तिथे बिस्किटांचा डबा रिकामा केला, म्हणजे उरलेली बिस्किटे खाल्ली, आणि सांगितले की आजपासून कोंबड्यांचा संसार या डब्यातून चालेल. तसाच तो चालला. अंडी विकली, पिल्ले विकली की पैसे डब्यात. दाणा, भुसा, औषध, दिवा सगळे डब्यातून. सुरुवातीला डबा बहुतेक वेळा रिकामाच वाजे. दाणा संपला तर मी भाजीवाल्याकडून टाकून दिलेला पाला मागून आणीत असे, पण घरच्या पैशांना आमच्या कोंबड्यांनी कधी चोच लावली नाही. पुढे याच डब्यातून दुसरे खुराडे उभे राहिले. लोकांच्या हौसा माणसाला खातात. माझ्या हौसेने स्वतःचे पोट भरले आणि वर मला रोज एक अंडे खाऊ घातले.

कोंबड्या जिकडे जातील तिकडे डबा जावा.

कलम चौथे. यंत्र आणि हत्यारे.

यजमानांची हत्यारांची पेटी मुलाला. तो अजून दिवा बदलायला माणूस बोलावतो, तरी पेटी त्याच्याकडे असावी. निदान जड लागेल.

अंडी उबवायचे यंत्र ही वेगळी बाब आहे. एका गिऱ्हाइकाने भंगारात काढलेल्या फ्रिजचे यांनी ते केले. आत दिवा, लहानसा पंखा, ऊब वाढली की दिवा आपोआप बंद करणारा खटका, खाली पाण्याची थाळी आणि दाराला काच. यंत्राला किंमत काही येणार नाही. पण त्यातून किती जीव बाहेर पडले ते मी मोजलेले नाही आणि मोजणार नाही, दृष्ट लागते.

यंत्रात अंडी ठेवताना प्रत्येक अंड्याला पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा. कोंबडी आपली अंडी पोटाखाली सारखी वळवत असते, यंत्राला ती अक्कल नाही, म्हणून ती आपण वळवायची. एका वेळी सगळ्या फुल्या वर, पुढच्या वेळी सगळे गोल वर, म्हणजे चुकायला होत नाही. शेवटचे तीन दिवस मात्र वळवायची नाहीत. पिल्लाने बाहेर यायचे तोंड ठरवलेले असते, ते आपण फिरवू नये.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला यंत्र लावून इतकी वर्षे काढली की समोरचा बोलायच्या आधी त्याच्या श्वासावरून मला माणूस ओळखू येई. फुटायच्या आदल्या दिवशी अंडे कानाला लावले की आत पिल्लू बोलत असते. मी अजून "नंबर सांगा" म्हणते. हे हसत. नंतर नंतर स्वतःच अंडे कानाला लावून विचारत, "कोण बोलतंय?"

यंत्र आणि कोंबड्या यांची ताटातूट करू नये.

कलम पाचवे. मागे घेतलेल्या फिर्यादी.

पहिली फिर्याद डावीकडच्या शेजाऱ्यांवर. ते बँकेत मॅनेजर होते. आमचा कोंबडा आरवतो म्हणून ते नगरपालिकेत अर्ज करीत आले आहेत. अंडी मात्र त्यांना आमचीच लागतात आणि ती न्यायला ते बायकोला पाठवतात. मी त्यांना माफ करते. त्यांनी अर्ज करत राहावे, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा. कोंबड्याला वाचता येत नाही.

दुसरी फिर्याद जाऊबाईंवर, आणि तिला जरा जागा लागेल.

जाऊबाई दवाखान्यात परिचारिका होत्या. सारी नोकरी त्यांनी प्रसूतीच्या वॉर्डात काढली. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. या गल्लीतली निम्मी माणसे जन्मताच पहिल्यांदा त्यांच्या हातात आली आहेत आणि अजून त्यांना बघून ताठ उभी राहतात. त्यांचा एकच नियम होता, जन्माला येणाऱ्या जिवाच्या आसपास घाण नको.

यजमान शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. यंत्रात अंडी होती, आणि ती आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या कोंबडीची होती. ती पुन्हा अंडी घालील असे वाटत नव्हते. मी जाऊबाईंना एवढेच सांगितले, की वळवा आणि थाळीत पाणी घाला. त्यांनी यंत्राचे दार उघडले तर आत काय दिसले? कुठे शेण लागलेले, कुठे पीस चिकटलेले, आणि वर पेन्सिलीच्या रेघोट्या. त्यांनी एकेक अंडे साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, धुवट पंच्याने टिपले आणि रांगेत लावून ठेवले. अंड्यावर जन्मतःच एक पातळ लेप असतो, तो आतल्या जिवाला राखतो, तो धुवायचा नसतो. हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि सांगायचे मला सुचले नव्हते. कोण अंडी धुवेल?

एकही पिल्लू निघाले नाही. हे गेले त्याच आठवड्यात मी यंत्र उघडले आणि समोर ती पांढरीशुभ्र अंडी दिसली. जाऊबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी घरी येतील म्हणून सगळं स्वच्छ करून ठेवलं होतं मी."

त्या वेळी मी काही बोलले नाही. पुढेही बोलले नाही, आणि न बोलणे हीच फिर्याद झाली. त्यांनी मागच्या आवारात पाऊल टाकणे सोडले. कोंबड्यांना त्या "ती पाखरं" म्हणू लागल्या. मी समजले, की यांना किळस येते. पुष्कळ वर्षे मी तसेच समजून चालले. मग एकदा माझ्या कोंबड्यांना तपासणाऱ्या पशुवैद्य बाई बोलता बोलता म्हणून गेल्या, की सिस्टर फार पूर्वी त्यांच्याकडे आल्या होत्या. फक्त एक प्रश्न विचारायला. "धुतलेलं अंडं फुटतं का हो?" पशुवैद्य बाईंनी खरे ते सांगितले. सिस्टरनी मान हलवली, पर्स उचलली आणि "हिला सांगू नका" म्हणून निघून गेल्या.

म्हणजे त्यांना माहीत होते. त्यांना किळस येत नव्हती, भीती वाटत होती. इतक्या बाळांना सुखरूप हातात घेतलेल्या बाईने एकदा जिवांनी भरलेले अख्खे यंत्र गमावले आणि ते ती कुणाजवळ बोलली नाही. मी तेव्हाच मधले दार ठोठावायला हवे होते असे मला वाटत राहिले, पण कसे सुरू करावे ते सुचले नाही. आता कागदावर लिहिते. जाऊबाई, ती फिर्याद मी मागे घेते. खरे तर ती त्याच दिवशी निकालात निघायला हवी होती. तुम्ही यांच्यासाठी घर स्वच्छ करत होतात.

कलम सहावे. कोंबड्या.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळे कुणी ना कुणी सांभाळील. याच कलमामुळे मला झोप लागत नाही.

आमच्या आवारात दोन खुराडी आहेत, एक पाण्याच्या टाकीजवळ आणि एक भिंतीकडे. दोन का, ते सांगते. एकाच खुराड्यात वर्षानुवर्षे तीच नाती राहिली तर पिल्ले कमजोर निपजतात. म्हणून टाकीजवळच्या खुराड्यात वाढलेला कोंबडा दर वर्षी भिंतीकडच्या खुराड्यात जातो आणि भिंतीकडचा टाकीकडे येतो. कोंबड्या आपापल्या घरीच राहतात. आमच्याकडे जावई बदलतात, लेकी नाही. एवढ्या साध्या युक्तीवर आमचे ठिपके इतकी वर्षे टिकले.

निवड करताना आम्ही अंडी किती, हे कधी पहिल्यांदा पाहिले नाही. खुडूक कोण होते, म्हणजे अंड्यांवर जीव लावून कोण बसते, ते पाहिले. बाजारच्या कोंबड्या अंडे घालतात आणि विसरून जातात. आमच्या विसरत नाहीत. पिल्लू दुसरीचे असले तरी पंखाखाली घेतात. कावळा आला तर पिसे फुलवून धावतात. हा गुण विकत मिळत नाही, तो पिढ्यांनी जपावा लागतो. यजमान गेल्यावर माणसांनी माझी खूप समजूत काढली. मला उभे केले ते या कोंबड्यांनी, कारण त्यांना समजूत काढता येत नाही, फक्त भूक लागते आणि तेवढ्यासाठी सकाळी उठावे लागते.

या सगळ्या एकत्र राहायला हव्यात. दोन खुराडी मोडली, कोंबडे एकीकडे आणि कोंबड्या दुसरीकडे गेल्या, की हे वाण काही वर्षांत मिसळून जाईल. ठिपके कुठेतरी दिसतील, स्वभाव राहणार नाही.

मुलाच्या घरी जागा नाही. पशुवैद्य बाई वरच्या मजल्यावर राहतात. एकच घर असे आहे जिथे खुराडी हलवावी लागणार नाहीत, फक्त मधले दार उघडावे लागेल. म्हणून गेल्या पंधरवड्यात मी मन घट्ट करून जाऊबाईंना विचारले, "जाऊबाई, माझं काही बरंवाईट झालं तर यांना बघाल?"

त्या भांडी पुसत होत्या. पुसतच राहिल्या. "मला साक्षीदार म्हणून बोलाव. सही करीन. पण त्या पाखरांत मला ओढू नकोस."

आणि त्या खोटे बोलतात. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघराच्या आवाराकडे उघडणाऱ्या खिडकीखालून माझ्या कोंबड्यांचा आवाज येतो. कोंबडीला खाऊ मिळाला की ती एक वेगळाच कुक्कू काढते, घाईघाईचा, दुसऱ्यांना बोलावणारा. माझे कान ऑपरेटरचे आहेत. तो आवाज त्या खिडकीखालून रोज येतो आणि नंतर तिथे काकडीच्या साली सापडतात, एकसारख्या, बारीक चिरलेल्या. विचारले तर म्हणतात, "वाऱ्याने पडल्या असतील." पण खिडकीतून साली टाकणे वेगळे आणि पदरात घेणे वेगळे. मी पुन्हा विचारले नाही. घाबरलेल्या माणसाला दोनदा विचारणे बरे नव्हे.

तेव्हा जड मनाने लिहिते, की माझ्यामागे कोंबड्या चार घरांत वाटाव्यात. टाकीकडच्या कोंबड्या सुतारांकडे. भिंतीकडच्यांपैकी निम्म्या पिठाच्या गिरणीवाल्यांकडे, निम्म्या पोस्टातल्या बाईंकडे. दोन्ही कोंबडे गावाबाहेरच्या मळेवाल्यांकडे. यंत्र व डबा पोस्टातल्या बाईंकडे, त्या मन लावून करतील. वाटणी पशुवैद्य बाईंनी करावी. सध्या यंत्रात अंडी आहेत, ती शुक्रवारीच फुटतील. मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेली असेन. पशुवैद्य बाईंनी कामावरून सुटल्यावर येऊन जावे. पिल्लू कवच फोडताना अडले तर घाईने सोलायला जाऊ नये, त्याला दमू द्यावे, मग तेच पुन्हा सुरू करते.

कलम सातवे. माझ्याविषयी.

माझ्यामागे फार माणसे जमवू नयेत. जमलीच तर त्यांनी आवाराचे फाटक नीट लावून घ्यावे.

कलम आठवे. साक्षीदार.

पहिली साक्ष जाऊबाईंची, दुसरी पशुवैद्य बाईंची. वकीलसाहेबांनी समजावले, की जो साक्षीदार होतो त्याला या कागदातून काही घेता येत नाही. दोघींना काही नकोच असल्यामुळे अडचण नाही.

त्याच दिवशी, त्याच टेबलावर, सही होण्यापूर्वी झालेला बदल. हाही माझ्याच हातचा.

दुपारी वकीलसाहेब आले, पशुवैद्य बाई आल्या. मधल्या दाराची पलीकडची कडी वाजली आणि जाऊबाई आल्या, इस्त्रीचे कपडे, स्वतःचे पेन.

वकीलसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला सगळं वाचायची गरज नाही. काकू सही करतात एवढं बघायचं आणि खाली सही करायची."

"वाचल्याशिवाय मी नोकरीत कधी सही केली नाही, आता काय करणार?" असे म्हणून त्यांनी चष्मा लावला.

पाचव्या कलमापाशी त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वरपासून वाचले. मग पशुवैद्य बाईंकडे बघितले. पशुवैद्य बाई छताकडे बघू लागल्या.

"सांगू नका म्हटलं होतं मी."

"तोंडातून निघून गेलं हो सिस्टर."

मला वाटले आता त्या उठून जातील. त्या उठल्या नाहीत. सहावे कलम वाचायला घेतले, आणि तेव्हा त्यांचा आवाज वॉर्डातल्यासारखा झाला.

"सुताराकडे? त्याच्याकडे तो कुत्रा आहे ना, बांधतसुद्धा नाही."

"सांगितलंय त्यांना बांधायला."

"आणि गिरणीवाला! त्याला स्वतःचा चहा करता येत नाही. आणि कोंबडे मळ्यात, कोंबड्या गावात. मग हे ठिपके राहणार कसे?"

"नाही राहणार," मी म्हटले. "जाऊबाई, सगळ्यांना एका ठिकाणी कोण घेणार?"

त्यांनी आठव्या कलमावर बोट ठेवले. मग वकीलसाहेबांना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही ना?"

"काहीच नाही. कायदाच तसा आहे सिस्टर."

जाऊबाईंनी पेनाला टोपण लावले आणि पेन पर्समध्ये ठेवले. "मग माझं नाव काढा तिथून. साक्षीदार दुसरा बघा."

वकीलसाहेबांना कळेना. "म्हणजे, सही नाही करणार?"

"नाही करणार."

मला कळले. कळले तसे मला काही दिसेना, डोळे भरून आले. मी टेबलावरून हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि सवयीप्रमाणे नाडी बघितली.

"माझ्या हातांची मला अजून भीती वाटते गं," त्या हळू म्हणाल्या.

"अंडी धुवायची नाहीत. बस्स."

"बस्स?"

"आणि सालींबद्दल खोटं बोलायचं नाही."

"कुठल्या साली?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वकीलसाहेबांनी मला पाणी दिले.

मग त्या एकदम गंभीर झाल्या. "अगं, पण शुक्रवारी इकडे बाळंतपण आणि तिकडे तुझं ऑपरेशन. मी थांबू कुठे?"

"इथंच थांबा. तिकडे डॉक्टर आहेत."

म्हणून कलम सहाव्यातली चार घरांची वाटणी मी रद्द करते. दोन्ही खुराडी, त्यांतल्या सर्व कोंबड्या व कोंबडे, यंत्र, यंत्रातली अंडी, शुक्रवारी निघतील ती पिल्ले आणि पत्र्याचा डबा हे सर्व मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना देते. खुराडी आहेत तिथेच राहतील. माझ्या मुलाने आवाराची जागा त्यांना कायम वापरू द्यावी. कलम आठव्यात जाऊबाईंच्या जागी वकीलसाहेबांच्या टंकलेखक बाई साक्षीदार. त्या बाहेर स्कूटरवर बसल्या होत्या, त्यांना आत बोलावले आणि कोंबड्या दाखवल्या.

आणखी एक लिहून टाकते, कारण खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे. ऑपरेशनची भीती मला कोंबड्यांपायी वाटते असे मी सगळ्यांना सांगत होते. आता कोंबड्यांची सोय लागली, आणि भीती तेवढीच आहे. म्हणजे ती माझी स्वतःचीच होती. मला अजून राहायचे आहे. मधले दार आत्ता कुठे उघडले आहे.

हे मी जाऊबाईंसमोर लिहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचले.

वरील सर्व मजकूर मी राजीखुशीने, शुद्धीवर राहून आणि दोनदा डोळे पुसून लिहिला आहे. याआधी मी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते धरू नये.

ठिकाण: घराची मागची खोली, आवाराकडची खिडकी उघडी.

दिनांक: वकीलसाहेबांनी शिक्का मारला आहे तो. मंगळवार. यंत्रातली अंडी वळवणे आज बंद केले.

लिहून देणार: (सही) कोंबडीकाकू, पूर्ण नावाने

साक्षीदार:
१. (सही) पशुवैद्य
२. (सही) टंकलेखक, वकील कार्यालय

वकीलसाहेब म्हणाले, घेणाऱ्याने कागदावर काही लिहायची गरज नसते. जाऊबाई म्हणाल्या, "मला लिहायचंय." पुढची ओळ त्यांच्या हातची आहे.

वाचलं. मान्य आहे. पण ही पाखरं मला इतक्यात नको आहेत.
— थोरली